चूळ तोंडात, पाणी नाकात

भिवंडीजवळच्या काल्हेरच्या एखाद्या गोदामात सकाळी माल उतरवायला उभा राहिलेला गडी डोळ्यांसमोर आणा. आदल्या संध्याकाळी त्याने वरची दाढ काढून घेतली आहे. कापूस दाबून धरला, गोळी घेतली, रात्र बरी गेली. सकाळी नळावर चूळ भरायला गेला, तर अर्धं पाणी उजव्या नाकपुडीतून बाहेर आलं. दचकून त्याने पुन्हा चूळ भरून बघितली. पुन्हा तेच. मुकादमाला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘दाढ काढल्यावर होतं असं. चार दिवसांत भरून येईल.’’ गड्याने मान डोलावली, पाठीवर गोणी घेतली आणि कामाला लागला.

मुकादमाचं बोलणं अर्धं खरं आहे. दाढेच्या जागी पडलेलं अगदी बारीक भोक आपोआप भरून येतं. पण आपलं भोक त्यातलं आहे की नाही, हे नळापाशी उभं राहून कळत नाही. आणि पाठीवरची गोणी तर अशा भोकाची वैरीणच. तोंड आणि सायनस यांच्यात पडलेली ही वाट वेळेवर बुजवली, तर काम अर्ध्या-पाऊण तासाचं असतं. वेळ दवडली, तर तेच प्रकरण महिनोन्‌महिने चालतं. आणि वेळेवर बुजवूनही पुढचे पंधरा दिवस राखण केली नाही, तर टाके उसवतात. या पंधरा दिवसांबद्दल दवाखान्यात घाईघाईत दोन वाक्यांत सांगितलं जातं, म्हणून इथे ते सविस्तर सांगतो.

दाढेच्या डोक्यावरची पोकळी

डोळ्याच्या खाली, नाकाच्या बाजूला, गालाच्या हाडात दोन्हीकडे एकेक पोकळी असते. डॉक्टर तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. मोठ्या माणसाच्या सायनसमध्ये साधारण १५ मिलिलिटर पाणी मावेल एवढी जागा असते, म्हणजे औषधाचे तीन चमचे. आत हवा असते आणि भिंतींना ओलसर अस्तर. अस्तरावरचे सूक्ष्म केस आतला चिकट स्राव सतत वरच्या दिशेला ढकलत राहतात, कारण नाकात उघडणारं सायनसचं दार तळाला नसून वरच्या अंगाला आहे. मोरी छताजवळ असलेल्या न्हाणीघरासारखी ही रचना आहे. एकदा आत पू साचला की तो सहजी वाहून जात नाही.

या न्हाणीघराची जमीन म्हणजेच आपल्या वरच्या दाढांचं छत. पहिल्या आणि दुसऱ्या दाढेच्या मुळांची टोकं या जमिनीला सगळ्यात जवळ असतात. मध्ये हाडाचा पातळ पापुद्रा असतो. काही जणांत तोही नसतो, नुसतं अस्तर असतं. दाढ हलवून काढताना तो पापुद्रा मुळाबरोबर निघाला की खालून वर सरळ वाट तयार होते. डॉक्टरने हलगर्जीपणा केला असाच याचा अर्थ होत नाही. हात कितीही सराईत असला, तरी हाडच इतकं पातळ असेल तर हे घडू शकतं. घडल्यावर ते ओळखलं का, रोग्याला सांगितलं का आणि पुढचा उपाय केला का, हे मात्र विचारायलाच हवं.

दाढ काढणं हे सगळ्यात मोठं कारण. त्याखेरीज वरच्या जबड्यातली मोठी गाठ, अपघातात मोडलेलं गालाचं हाड, सायनसमध्ये घुसलेला इम्प्लांट, हाडाची कूज आणि कधी कॅन्सर यांमुळेही अशी वाट पडते. जन्मतः टाळू दुभंगलेल्या मुलांत तोंड आणि नाक यांच्यात जे भोक असतं, ते वेगळं प्रकरण. त्याचे उपचार आणि वय यांचं गणितही वेगळं.

या भोकाची भीती जुनी आहे. इंग्लंडमधल्या नॅथॅनिएल हायमोर या वैद्याने १६५१ साली छापलेल्या शरीररचनेच्या ग्रंथात एका बाईची हकीकत दिली आहे. सुळा काढल्यावर तिच्या हिरडीतून पाणी झिरपत राहिलं. तिने त्या भोकात चांदीची सळई घालून पाहिली, ती आत जातच राहिली. मग पिसाची काडी घातली, तीही आत गेली. आपल्याला थेट मेंदूपर्यंत भोक पडलं, अशी तिची खात्री झाली. हायमोरने तिला ही पोकळी समजावून सांगितली. जुन्या पुस्तकांत सायनसला हायमोरचंच नाव सापडतं. पावणेचारशे वर्षं झाली, तरी दाढेच्या जागी काडी घालून ‘किती खोल आहे’ हे बघणारे लोक आजही भेटतात. ते करू नका. मेंदू तिथून बराच लांब आहे; पण काडीने भोक रुंद होतं आणि तोंडातले जंतू आत जातात.

दाढ काढायच्या आधी

वरची दाढ काढायची ठरली की आधी एक्सरे काढा, असं आपणच डॉक्टरांना म्हणावं. दातापुरता छोटा एक्सरे पुष्कळदा पुरतो. मुळं सायनसमध्ये शिरल्यासारखी दिसली, तर डॉक्टर ओपीजी नावाचा जबड्याचा एक्सरे किंवा सीबीसीटी नावाचा स्कॅन सांगतात. दोनशे-चारशे रुपये वाचवायला एक्सरे टाळणं हा महागातला सौदा आहे.

काही परिस्थितींत धोका जास्त असतो. आजूबाजूच्या दाढा आधीच गेलेल्या आणि एकच दाढ उरलेली असेल, तर सायनस वर्षानुवर्षं खाली सरकत येऊन त्या दाढेभोवती उतरलेला असतो. रूट कॅनाल केलेली जुनी दाढ ठिसूळ होते आणि तुकडे होत निघते. मुळं फाकलेली असतील किंवा टोकाशी जुना पू असेल, तर हाड आधीच झिजलेलं असतं. अशा वेळी डॉक्टर दाढ एका हिसक्यात न ओढता तिची मुळं कापून एकेक करून काढतात. वेळ जास्त लागतो, पण हाड वाचतं.

आपल्याकडून सांगायच्या गोष्टीही आहेत. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पेनिसिलिनची ॲलर्जी, वारंवार होणारा सायनसचा त्रास हे सगळं सांगा. हाडं ठिसूळ झाली म्हणून किंवा कॅन्सर हाडात गेला म्हणून झोलेड्रॉनिक ॲसिडसारखी इंजेक्शनं घेतली असतील, तर ते आवर्जून सांगा. त्या औषधांनंतर दाढ काढलेली जागा भरून न येता जबड्याचं हाडच मरू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. ती ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. पाटी लावून बसलेला प्रत्येक जण दंतवैद्य नसतो. कायद्याप्रमाणे दंतवैद्याची नोंदणी असावी लागते आणि आपल्याकडे ती महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे होते. भिंतीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक दिसत नसेल, तर विचारायला लाजू नका.

ओळखायचं कसं

दाढ काढल्यावर पुढच्या गोष्टींपैकी एक जरी जाणवली, तरी डॉक्टरांना फोन करा.

चूळ भरताना किंवा चहा पिताना द्रव नाकातून येणं. नाक शिंकरताना दाढेच्या जागेतून हवा तोंडात फुसकन येणं. बिडी ओढताना झुरका न बसणं. आवाज गेंगाणा होणं. त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येणं.

काही दिवस किंवा आठवडे उलटल्यावर लक्षणं बदलतात. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येतो. तोंडात खारट, नासकी चव येत राहते. गाल जड होतो आणि वाकलं की ठणका वाढतो. दाढेच्या खळग्यातून लालसर मांसाचा गोळा डोकावतो. घरचे लोक म्हणतात, सर्दी आहे, वाफ घे. सर्दी बहुधा दोन्ही नाकपुड्यांना होते. एकाच बाजूची घाण वासाची ‘सर्दी’ दिसली की त्या बाजूची वरची दाढ तपासायला हवी. पुष्कळ रोगी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे महिनाभर औषधं घेत राहतात आणि ‘मागे दाढ काढली होती’ हे सांगायचं राहून जातं. ते पहिल्या भेटीतच सांगा.

दवाखान्यात डॉक्टर नाकपुड्या चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायला सांगतात आणि दाढेच्या जागी बुडबुडे येतात का ते बघतात. ही चाचणी घरी आरशासमोर करत बसू नका. जोर जास्त झाला, तर भरत आलेलं भोक पुन्हा उघडतं. शिवाय चाचणीत काही दिसलं नाही म्हणजे भोक नाहीच, असंही नसतं.

पहिले दोन दिवस

दोन मिलिमीटरपेक्षा बारीक, साधारण मोहरीएवढं भोक असेल, तर खळग्यात जमलेली रक्ताची गुठळीच त्यावर झाकण होते आणि जागा भरून येते. इथे मुकादमाचं बरोबर आहे, पण गुठळी टिकली तरच. दोन ते पाच-सहा मिलिमीटरच्या भोकावर डॉक्टर खळग्यात जिलेटिनचा स्पंज ठेवतात आणि हिरडीवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा टाका घालून गुठळी बांधून ठेवतात. त्याहून मोठं भोक नुसत्या टाक्याने मिटत नाही. तिथे बाजूचं मांस सरकवून झाकावं लागतं.

हे सगळं पहिल्या २४ ते ४८ तासांत झालं तर उत्तम. तोपर्यंत कडा ताज्या असतात आणि सायनस स्वच्छ असतो. उघड्या राहिलेल्या भोकातून अन्नाचे कण आणि थुंकी आत जाऊ लागली की दोन आठवड्यांच्या आत बहुतेकांचा सायनस पिकतो. दोन-तीन आठवड्यांत तोंडाची त्वचा भोकाच्या कडेने आत उतरत जाते आणि ते पक्कं नळकांडं बनतं. कान टोचल्यावर रिंग ठेवली की भोक कायमचं होतं, तसंच. याला नासूर म्हणतात. नासूर आपोआप बंद होत नाही.

म्हणून शनिवारी रात्री शंका आली, तर सोमवारची वाट बघू नका. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत जोरात चूळ भरू नका, थुंकू नका, नाक शिंकरू नका, ओझं उचलू नका. खळग्यात लवंगेचं तेल, हळद, तंबाखू, मशेरी यांपैकी काहीही भरू नका.

मांस सरकवून झाकण

मोठं भोक किंवा नासूर बंद करणं हे तोंड आणि जबड्याच्या सर्जनचं काम. दवाखान्यात त्यांना ओरल सर्जन म्हणतात. फक्त तोंडाचंच काम असेल, तर जागा बधिर करून खुर्चीवरच होतं. सायनसही साफ करायचा असेल, तर भूल देऊन. आधी नासुराचं आतलं नळकांडं कापून काढतात, कारण त्वचेला त्वचा चिकटत नाही; ताजी जखमच ताज्या जखमेला जुळते. मग झाकण. त्याच्या तीन मुख्य रीती आहेत आणि सर्जन तुमच्या भोकाकडे बघून निवड करतात.

पहिली रीत गालाची. गालाच्या आतल्या बाजूची त्वचा सैल करून ओढून भोकावर आणतात आणि टाळूच्या कडेला शिवतात. १९३६ साली रेहरमान यांनी ती मांडली आणि आजही सर्वांत जास्त वापरात आहे. काम सोपं, सूज काही दिवसांत उतरते. तोटा एवढाच की गाल आणि हिरडी यांच्यातली खाच उथळ होते. पुढे कवळी बसवायची असेल, तर तसं आधीच सांगा.

दुसरी रीत टाळूची. टाळूवरच्या जाड मांसाची लांब पट्टी उचलतात, पण मागच्या बाजूची रक्तवाहिनी तिला जोडलेलीच ठेवतात आणि पट्टी वळवून भोकावर बसवतात. मांस जाड आणि रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे झाकण घट्ट बसतं. पण टाळूवर पट्टी उचललेली जागा उघडी राहते, काही आठवडे झोंबते आणि हळूहळू भरते. त्यावर प्लास्टिकची तात्पुरती प्लेट देतात. खाताना ती लावली, तर खूप आराम पडतो.

तिसरी रीत गालातल्या चरबीची. गालाच्या आत खोलवर चरबीचा एक गोळा असतो. त्याचं टोक हलकेच पुढे ओढून भोकावर बसवतात. १९७७ मध्ये एगेदी यांनी ही पद्धत मांडली. मोठ्या किंवा एकदा बंद करूनही फुटलेल्या भोकांना ती उपयोगी पडते. शस्त्रक्रियेनंतर तिथे पिवळसर ओबडधोबड काहीतरी दिसतं आणि लोक घाबरतात, पू झाला म्हणतात. ती चरबी असते. महिन्याभरात तिच्यावर गुलाबी त्वचा येते. गाल बसत नाही.

मांसाची पट्टी मुळाशी जोडलेली ठेवून दुसरीकडे वळवायची ही युक्ती आपल्या मुलखाला नवी नाही. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी गडी १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा फिरला. मग पुण्याजवळच्या विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची त्वचा भुवयांमध्ये जोडलेली ठेवून खाली वळवली आणि नवं नाक बसवलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत चित्रासह छापली आणि युरोपातले सर्जन या रीतीकडे वळले. सर्जन जेव्हा ‘फ्लॅप करावा लागेल’ म्हणतात, तेव्हा हीच जुनी युक्ती ते तोंडाच्या आत वापरणार असतात.

जुनं भोक: आधी सायनस, मग झाकण

महिन्याभरापूर्वीचं भोक घेऊन गेलात आणि डॉक्टरांनी लगेच टाके घातले नाहीत, तर चिडू नका. आत पू असताना वरून झाकण लावलं, तर पू झाकणाला ढकलत राहतो आणि ते फुटतंच. म्हणून आधी अँटिबायोटिक, नाक मोकळं करणारे थेंब, आणि त्याच भोकातून सलाइनने सायनस धुणं. बाहेर येणारं पाणी स्वच्छ झालं की मग शस्त्रक्रिया. यात एक-दोन आठवडे जातात, कधी जास्त.

मुळाचा तुकडा सायनसमध्ये पडला असेल, तर तोही काढावा लागतो. सीटी स्कॅनमध्ये सायनस भरलेला दिसला किंवा आत मांस वाढलेलं असलं, तर कान-नाक-घशाचे सर्जन नाकातून दुर्बीण घालून सायनसचं मूळ दार मोकळं करतात. पूर्वी यासाठी ओठाखालून हाडाला खिडकी पाडत. कॉल्डवेल आणि लुक या दोघांनी १८९० च्या दशकात ती रीत रूढ केली. आता ती मोजक्या वेळीच लागते. तोंडाचा सर्जन आणि नाकाचा सर्जन दोघांनी मिळून काम करावं लागलं, तर त्यात वाईट काही नाही. मोरी तुंबलेली असताना फरशी बदलून काय उपयोग?

पंधरा दिवसांची राखण

टाके घालून घरी आलात. आता हे झाकण एकाच गोष्टीला भितं, ती म्हणजे दाब. आतून येणारा हवेचा दाब आणि बाहेरून ओढणारा चोखण्याचा दाब. पुढची सगळी पथ्यं या एका गोष्टीतून आली आहेत. ती पटली, तर यादी पाठ करावी लागत नाही.

नाक शिंकरायचं नाही, अगदी दोन आठवडे. शेंबूड आला तर पुसायचा किंवा मागे ओढून हलकेच गिळायचा. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायची. नाक दाबून धरलेली शिंक टाक्यांवर सगळा जोर काढते. गोदामातल्या खोक्यांची आणि यंत्रमागाच्या कापसाची धूळ शिंका आणते, म्हणून या दिवसांत मास्क लावा.

ओझं उचलताना आपण श्वास कोंडतो आणि तो सगळा दाब नाकात आणि सायनसमध्ये चढतो. हमाली, माथाडी, व्यायामशाळा, पाण्याचे हंडे, सिलिंडर हे सगळं दोन आठवडे बंद. व्रतासारखं नेमाने पाळा. शौचाला कुंथणं हाही तोच दाब आहे. पाणी भरपूर प्या, बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टरांकडून औषध घ्या.

कपालभाती, भस्त्रिका आणि जलनेती बंद. संथ प्राणायामही डॉक्टरांना विचारूनच. शंख, सनई, बासरी, फुगे फुगवणं बंद. पोहणं आणि विमानप्रवास टाळा.

आता चोखणं. स्ट्रॉने काही पिऊ नका. शहाळं ग्लासात ओतून घ्या. आंबा चोखून नको, रस चमच्याने. बिडी-सिगारेट दुहेरी घात करते, कारण झुरक्याची ओढ टाक्यांना लागते आणि धूर रक्तपुरवठा कमी करतो. जोरात पिंक टाकणंही त्यातच आलं.

खाणं पहिले तीन-चार दिवस कोमट आणि मऊ. गुरगुट्या भात, वरण, मऊ खिचडी, दही, उकडून कुस्करलेला बटाटा, केळं. त्यानंतर दुसऱ्या बाजूने चावून पोळी भिजवून. भाकरीचा कडक पापुद्रा, चिवडा, शेव, तीळ, खसखस, शेंगदाणे टाके निघेपर्यंत दूर. मासे खाणाऱ्यांनी काटे काढून, निव्वळ गरच खावा.

पहिले २४ तास चूळ भरू नका. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात घ्यायचं, मान एका बाजूला कलती करून तिथे पोचू द्यायचं आणि खळखळ न करता तोंड खाली करून सांडू द्यायचं. बाकीचे दात रोज घासा. घाण तोंडात टाके सडतात. झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्या.

औषधांचा कोर्स पूर्ण करा. नाकातले थेंब मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपलीकडे वापरू नका. ते लांबवले, तर नाक उलट जास्त चोंदतं. रक्तदाब असेल, तर ते थेंब घेण्याआधी विचारा. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. त्या दिवसाआधी बरं वाटलं म्हणून कामावर जाऊ नका. अगदी शेवटच्या दिवसांत उचललेल्या एका गोणीने झाकण उसवू शकतं.

गुटखा आणि न उघडणारं तोंड

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी भिवंडीच्या टपऱ्यांवर सुपारी आणि पुड्या कुठे मिळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून गालात धरलेल्या सुपारीने गालाचं आतलं अस्तर कडक होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. तीन बोटं उभी करून दातांमध्ये घाला. मावत नसतील, तर दाढ काढायच्या आधीच सर्जनला दाखवा. तोंड उघडत नसेल, तर मागच्या दाढेपाशी हत्यार पोचत नाही आणि ओढून आणायला लवचीक गाल शिल्लक नसतो. शस्त्रक्रियेनंतर पुडी पुन्हा सुरू केली, तर सुपारीचा भुगा थेट टाक्यांत बसतो. सोडायचीच आहे, तर या पंधरा दिवसांसारखं निमित्त नाही.

इथे थांबू नका

काही वेळा भोक हा रोग नसून रोगाची खूण असते. दाढ न काढताच टाळूला किंवा हिरडीला भोक पडलं, कडा कडक आणि रक्ताळलेल्या असतील, दाढ कारण नसताना हलत असेल, किंवा दोनदा बंद करूनही भोक उघडत असेल, तर बायॉप्सी करून कॅन्सर नाही ना हे बघायलाच हवं. बायॉप्सीने कॅन्सर पसरतो, ही गैरसमजूत आहे.

साखर वाढलेल्या माणसाच्या गालाला सूज आली, गाल बधिर झाला, टाळू काळी पडली, नाकातून काळपट स्राव आला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीने महाराष्ट्राला हे शिकवलं. त्या वर्षी कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला आणि तोंड-नाक-सायनस एक झालं. अशा मोठ्या पोकळीवर वर सांगितलेला छोटा फ्लॅप पुरत नाही. कवळीलाच वर बोंड जोडून पोकळी बुजवणारी प्लेट बनवतात, तिला ऑब्च्युरेटर म्हणतात. ती लावली की गेंगाणा आवाज सुधारतो आणि चहा नाकातून येत नाही. त्या वेळी जबडा गेलेल्या आणि प्लेट न बनवलेल्या कोणाला तुम्ही ओळखत असाल, तर दंत महाविद्यालयातल्या कृत्रिम दातांच्या विभागाचा पत्ता त्यांना द्या.

काल्हेरहून जायचं कुठे

ज्यांनी दाढ काढली, त्यांच्याकडे आधी जा. लाज किंवा राग बाजूला ठेवा; काय झालं ते त्यांना सगळ्यात चांगलं माहीत असतं आणि ते पुढे चिठ्ठी देऊ शकतात. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. कशेळीचा पूल ओलांडून ठाण्याकडे गेलं, तर कळव्याला ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. नासूर जुना असेल किंवा एकदा फसला असेल, तर थेट मुंबईतलं दंत महाविद्यालय बरं. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. ठाण्याहून गाडी न बदलता पोचता येतं. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. त्यासाठी दादरला गाडी बदलावी लागते. दोन्हीकडे सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. तिथे तोंडाचे सर्जन, एक्सरे आणि प्लेट बनवणारा विभाग एकाच छताखाली असतात.

सोबत जुने एक्सरे, दाढ कधी आणि कोणती काढली ते लिहिलेला कागद, चालू गोळ्यांची पाकिटं, साखरेचा ताजा रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्ड घ्या. मोठी शस्त्रक्रिया सांगितली, तर ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा.

डॉक्टरांना पाच प्रश्न विचारा: भोक किती मोठं आहे? सायनसमध्ये पू किंवा मुळाचा तुकडा आहे का? कोणती रीत वापरणार? टाके कधी काढणार? कामावर कधी जाऊ? उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्या, विशेषतः शेवटचं.

कारण ती चिठ्ठी मुकादमाला दाखवायची आहे. रोजंदारीवरच्या माणसाला पंधरा दिवस घरी बसा म्हणणं सोपं असतं, घरची चूल त्यालाच पेटती ठेवावी लागते. पण प्रत्येक गोदामात चलन तपासायला, खोकी मोजायला, गाडीचा नंबर लिहून घ्यायला कोणीतरी लागतंच. मुकादमांनो, दाढ काढून आलेला गडी ‘नाकातून पाणी येतंय’ म्हणाला, तर ‘भरून येईल’ म्हणण्याआधी त्याच्या पाठीवरची गोणी उतरवा. त्याला डॉक्टरकडे धाडा आणि टाके निघेपर्यंत त्याच्या हातात वही-पेन द्या.